अठराव्या हिश्श्यावर

“ह्यात जीव असत्यात का गं?” आप्पांनी विचारलं, आणि मी मोठ्या तोऱ्यात हो म्हणाले.

गोठ्यामागच्या खड्ड्याच्या काठावर आम्ही उभे होतो. खड्ड्यात कोवळ्या मक्याची कुट्टी कमरेएवढी भरली होती, आणि माझे यजमान धनपाल ट्रॅक्टर मागंपुढं करून ती दाबत होते. मी वरून गुळामिठाचं पाणी शिंपडत होते. लग्न होऊन मला सात महिने झाले होते आणि सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी मिळून नऊ. वय तेवीस. शहाणपण नुसतं उतू चाललं होतं.

“किती असतील?” आप्पा म्हणाले. आप्पा म्हणजे माझे सासरे, रायगोंडा पाटील.

“मोजता नाही यायचे, आप्पा. चिमूटभर कुट्टीत कोट्यवधी.”

“आन् त्यांच्यावर प्लास्टिक घालून कोंडायचं.”

“घट्ट कोंडायचं. वर मातीचा थर. एक फुंकरसुद्धा आत जाता कामा नये.”

“मग जगायचं कसं त्यांनी?”

इथं एखादी समंजस सून “जगतात कसेतरी” म्हणून मोकळी झाली असती. पण सात महिन्यांत मला माझ्या विषयातलं कुणी काही विचारलंच नव्हतं. मी कळशी खाली ठेवली, पदर खोचला आणि सुरू झाले.

“आप्पा, आपण भाकरी खातो ना, तिची शेवटी साखर होते. आपल्या अंगातली एकेक पेशी ती साखर हवेच्या मदतीनं जाळते, चुलीतल्या लाकडासारखी, पार राख होईपर्यंत. त्यातनं आपल्याला ताकद मिळते. ह्या जीवांना हवेशिवायची रीत माहीत असते. ते साखर जाळत नाहीत, नुसती मोडतात. मोडताना जी थोडी ताकद सुटते, तेवढ्यावर जगतात. मोडलेले तुकडे आंबट होऊन बाहेर पडतात, आणि त्या आंबटपणात नासवणारं काही टिकत नाही. म्हणून चारा वर्षभर राहतो. त्यालाच मुरघास म्हणायचं.”

“थोडी म्हंजे किती?”

“हवा असती तर त्याच साखरेतनं अठरा पट निघाली असती.”

“अठरा?” आप्पा एकदम माझ्याकडं वळले. “महाराज सांगत्यात, निगोदातलं, म्हंजे डोळ्याला न दिसणारं, जीव एका श्वासात अठरा बारी जन्मत्यात, अठरा बारी मरत्यात. तुझ्या पुस्तकात बी अठराच हाय?”

“योगायोग आहे, आप्पा.”

“म्हंजे बिचारी अर्धपोटीच की.”

“अर्धपोटी कुठलं! अठराव्या हिश्श्यावर,” मी म्हणाले आणि हसले.

आप्पा हसले नाहीत. त्यांनी खड्ड्यात वाकून पाहिलं आणि धनपालना हाक मारून सांगितलं, “जरा हळू घे रं ट्रॅक्टर.”

ह्याला आता वीसेक वर्षं होऊन गेली. आमचं गाव मिरजेच्या पूर्वेला, कोरडवाहू पट्ट्यात. गावात आमची दिगंबर जैनांची तीस-चाळीस घरं, सगळी शेतकऱ्यांची. त्यांतही आप्पांचा धर्म जरा जास्तच काटेकोर. सूर्य मावळल्यावर अन्न नाही. पाणी दुहेरी फडक्यातून गाळल्याशिवाय ओठाला नाही. कांदा, बटाटा, गाजर नाही. आंबवलेलं काही नाही, म्हणजे इडली नाही आणि मुरलेलं लोणचंही नाही, कारण आंबलं की त्यात जीव पडले. मुरघासाचा खड्डा खणताना जेवढी गांडुळं निघाली, तेवढी आप्पांनी पाटीत गोळा करून केळीच्या बुडाशी नेऊन सोडली होती. खड्डा खणणारे गडी एकमेकांकडं बघून डोळे मिचकावत होते, पण गांडूळ दिसलं की “आप्पा, ह्ये बगा एक” म्हणून हाकही तेच मारत होते.

आणि आप्पांचा आणखी एक नेम होता. बहात्तरच्या दुष्काळात, चारा संपला म्हणून त्यांनी एक गाय बाजारात दिली होती. ती पुढं कुणाच्या हातात गेली ते कळायला मार्ग नव्हता, आणि काय झालं असेल ते न कळण्यासारखं नव्हतं. तेव्हापासून आमच्या दावणीचं जनावर बाजारात जात नसे. म्हातारं झालं तरी दावणीलाच मरे.

त्या वर्षी पुन्हा तीच वेळ आली होती. जून कोरडा गेला, जुलैही तसाच चालला होता. गोठ्यात सात जनावरं होती, पाच गाई आणि दोन म्हशी. कडबा दोन महिने पुरला असता. हिरवं म्हणाल तर विहिरीच्या तळच्या पाण्यावर जगवलेला दोन एकर मका. तो रोज कापून घातला असता तर महिनाभरात संपला असता, आणि ठेवला असता तर उभा वाळला असता. धनपाल एकदा जेवताना म्हणाले, “आप्पा, निम्मी जनावरं कमी करायला पायजेत.” आप्पांनी ताट बाजूला सारलं. तेव्हा मी पहिल्यांदा त्या घरात वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात तोंड घातलं आणि मुरघासाचं काढलं.

तीन दिवस आप्पा गप्प होते. “मी आंबलेलं खात न्हाई, आन् गाईला घालू?” एवढं एकदाच म्हणाले. चौथ्या दिवशी माझ्या सासूबाई, म्हणजे आत्ती, त्यांना म्हणाल्या, “गाईनं कुठं नेम घेतलाय? तिला बाजार दावण्यापरास आंबट दावा.” मग आप्पांनी मान हलवली. आत्ती वळून मला म्हणाल्या, “त्रिशला, सगळा मका तुझ्या पुस्तकाच्या भरवशावर पुरतोय आपण. नासला तर सात दावी मोकळी होतील. ध्यानात ठेव.”

ध्यानात कसलं, झोपेतही ते माझ्या उशाशी असायचं.

खड्डा झाकला त्या दिवशी आप्पांनी गोठ्याकडचा कोपरा स्वतःकडं घेतला आणि एकट्यानं त्यावर माती ओढली. उरलेली बाजू आम्ही सगळ्यांनी लिंपली. पंचेचाळीस दिवस हात लावायचा नाही, असं मी सगळ्यांना बजावलं.

ते पंचेचाळीस दिवस कसे गेले ते माझं मला माहीत. पाऊस नव्हताच. कडब्याची गंजी खाली खाली येत होती. आप्पा रोज पहाटे सामायिक, म्हणजे आमच्यातलं नेमाचं ध्यान, आटोपून थेट खड्ड्याकडं जायचे आणि त्या कोपऱ्यावर, एका उपड्या पाटीशेजारी, बसून राहायचे. मला वाटायचं, ह्यांचा माझ्यावर विश्वास नाही. वास बिस येतो का बघतायत.

मधूनच विचारायचे, “आज काय करत असतील गं ती?”

“कोण?”

“तुझी आतली मंडळी.”

“साखर खात असतील, आप्पा.”

“संपत आली असंल की.” आणि काठी टेकत निघून जायचे.

त्याच सुमारास त्यांनी संध्याकाळचं जेवण सोडलं. दुपारी एकदा जेवायचे, तेही दीड भाकरी. आत्तींनी विचारलं तर म्हणाले, “पाऊस न्हाई. म्हणून धरलंय.” पुढं पर्युषण आलंच, तेव्हा घरात सगळ्यांचेच उपास, त्यामुळं कुणी फार मनावर घेतलं नाही. त्यांचे गाल मात्र आत गेले होते.

आणि त्याच दिवसांत आत्तींचं पाणी गाळायचं फडकं हरवलं. नवं कोरं, चांगलं जाड, माझ्या माहेरून आलेलं. आत्तींनी घर पालथं घातलं आणि शेवटी खापर माझ्यावर फुटलं. “कुठल्या बाटलीबिटलीला गुंडाळलंस काय, प्रयोगाला?” मी नाही म्हणाले. त्या “हूं” म्हणाल्या. आठ दिवस त्या हुंकारावर मी भांडी घासली.

पंचेचाळीस दिवस भरले ते ऐन अनंत चतुर्दशीच्या तोंडावर. पर्वाच्या दिवसांत माती उकरायची नाही, म्हणून पौर्णिमेचा दिवस ठरला. एव्हाना कडबा चार दिवसांचा उरला होता. धनपालनी आप्पांच्या माघारी मला सांगून ठेवलं होतं, “नीट निघालं तर ठीक. नाहीतर बुधवारच्या बाजाराला तांबी आणि तिच्याबरोबरच्या दोघी. मी आप्पांना सांगेन, तू मध्ये पडू नकोस.” तांबी आप्पांची लाडकी. त्यांचा आवाज ऐकल्याशिवाय पान्हा सोडत नसे.

खड्डा उघडायला फावडी घेऊन निघालो तर आप्पा म्हणाले, “तिकडनं उघडू या. पल्याडच्या अंगानं.”

“गोठ्याकडनं सोपं पडतं, आप्पा. रोज पाट्या भरून आणायच्यात,” मी म्हणाले.

ते बाजूला सरकले. उपडी पाटी त्या दिवशी तिथं नव्हती, हे मला नंतर आठवलं.

माती बाजूला केली, प्लास्टिक वर उचललं, आणि वासाचा असा भपकारा आला की आत्तींनी पदर नाकाला लावला. खाली काळा गाळ होता. वर पांढरी बुरशी, मांजराच्या केसांसारखी. मी मूठभर उचलून पाहिलं. ओलं, गरम, कुजलेलं.

धनपालनी फावडं भिंतीला टेकवलं. आत्ती माझ्याकडं नाही, गोठ्याकडं बघत होत्या, आणि ते जास्त वाईट होतं. आप्पा बांधावर खाली बसले.

“हवा गेलीय,” मी म्हणाले. “कुठून तरी हवा गेलीय.”

“प्लास्टिक फाटलं असंल,” धनपाल म्हणाले.

“नाही फाटलं. मी स्वतः बघितलं होतं.”

“आता बघून काय उपेग, त्रिशला?” त्यांचा आवाज मऊ होता. त्यानंच मला रडू फुटलं. मी रडत रडत दोन्ही हातांनी तो गाळ उपसायला लागले. का, ते मला सांगता येणार नाही. हात कोपरापर्यंत काळे झाले. आणि बोटांना काहीतरी कडक लागलं.

ओढून काढलं तर बोअरवेलचा मनगटाएवढा पाईप, चांगला चार हात लांब. वरच्या तोंडाला सुतळीनं कापड बांधलेलं.

आत्ती पुढं आल्या. कापड चिमटीत धरून त्यांनी चिखल पुसला. काठाला निळी रेघ होती.

“हे माझं फडकं,” त्या म्हणाल्या.

सगळ्यांचे डोळे माझ्याकडं वळायच्या आत आप्पा बांधावरून म्हणाले, “तिला बोलू नगा. मी घातलाय पाईप.”

“तुम्ही?” धनपाल ओरडलेच. “आप्पा, कशाला?”

“श्वास घ्यायला.”

कुणालाच कळेना. आप्पा जमिनीकडं बघत सांगत होते. “ही म्हणाली, कोट्यान्‌कोटी जीव हाईत. हवा न्हाई, उजेड न्हाई, अठराव्या हिश्श्यावर जगत्यात. आपल्या गाई वाचवायला आपण त्यांना कोंडलं. जनावरं आपली, मग जाच त्यांनी का सोसायचा? मला घास उतरंना. म्हटलं, एवढी एक वाट ठेवू, म्हणून प्लास्टिकच्या कडंखालनं पाईप सारला आन् तोंडावर पाटी उपडी घातली, ती आज पहाटं काढून पाईप आत दाबला. पुस्तकात असंल घट्ट, पण एवढ्यानं काय हुतंय?”

“म्हणून सांजचं जेवण सोडलासा?” आत्ती म्हणाल्या. “आन् मला पावसाचं सांगितलासा?”

“त्यांनी अठरावा हिस्सा खायाचा आन् मी दोन्ही टाइम चापायचं, हे बरं दिसतंय काय?”

“आणि फडकं?” मी विचारलं.

“उघड्या तोंडातनं चिलटं, मुंग्या आत गेल्या असत्या, मेल्या असत्या. आपण पाणी गाळून पितो, हवा बी गाळूनच दिली.”

खरं सांगते, मला आधी संताप आला. दोन एकर मका, सात जनावरं, माझी पंचेचाळीस दिवसांची झोप, आणि ह्यांनी आत पाईप खुपसला! तोंडापर्यंत शब्द आले होते. पण बांधावर बसलेल्या त्या माणसाचे बसलेले गाल दिसले आणि शब्द गळ्यातच राहिले. जन्मात कुणी माझं बोलणं इतकं मनावर घेतलं नव्हतं.

“आप्पा,” मी त्यांच्यासमोर बसत म्हणाले, “त्यांना हवा नकोच असते हो. त्यांची रीतच तशी आहे. ते आत सुखात होते.”

“काळोखात? सुखात?”

उत्तर आत्तींनी दिलं. “तुमचा ल्योक नऊ महिने माझ्या पोटात हुता. तिथं कुठला पाईप घातला हुतासा?”

धनपाल आधी हसले. मग मी. मग पदराआडून आत्ती स्वतःच. आप्पा तेवढे हसले नाहीत, पण कान लाल झाले त्यांचे.

हसता हसता मला सुचलं. एकाच पाईपची हवा किती लांब जाणार? मी फावडं घेतलं आणि पाईपच्या जागेपासून आत आत कापत गेले. हातभर काळं. आणखी हातभर करडं. मग फावडं एका घट्ट थरात रुतलं, आणि जो तुकडा निघाला तो पिवळसर, पिकल्या पानाच्या रंगाचा होता. नाकाशी नेला. ताकात गूळ कालवल्यासारखा वास. मी तो आत्तींच्या हातात दिला. त्यांनी हुंगला, पुन्हा हुंगला, आणि पाटीभर उचलून गोठ्याकडं चालत्या झाल्या.

तांबीनं आधी फुरफुर केलं. मग जीभ लावली. मग पाटीत तोंड खुपसलं ते पाटीचा तळ दिसेपर्यंत काढलं नाही. शेजारच्या गाईनं दावं ताणून तिला ढुशी मारली.

“बुधवारी कुठं जायचं न्हाई,” धनपाल कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाले. मी पुन्हा रडले, पण ते रडणं वेगळं होतं.

वळून बघते तर आप्पा खड्ड्याशी एकटेच. त्यांच्या ओंजळीत तो काळा गाळ होता.

“पोरी, हवेनं जर ह्यांचं बरं हुत न्हाई, तर हे असं कुणी केलं?”

“हवा आली की दुसरे जीव येतात, आप्पा. हवेवर जगणारे. ते सगळं खाऊन नासवतात.”

“आन् ह्यातलं पयलं? ज्यांच्यासाठी मी पाईप घातला?”

मी गप्प राहिले. गप्प राहायचं असतं, हे एवढं मी दीड महिन्यात शिकले होते. पण उशीर झाला होता.

“मेलं,” आप्पाच म्हणाले. त्यांनी तो गाळ हळूच खाली ठेवला आणि हात धुवायला गेले. गाई वाचल्या म्हणून आत्तींनी त्या दिवशी खीर केली होती. आप्पांनी दुपारी चमचाभर घेतली. संध्याकाळी ते ताटावर आलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी क्षमावाणी. पर्व संपल्यावर त्या दिवशी आमच्यात लहानमोठे सगळे एकमेकांपुढं हात जोडतात, वर्षभरात कळत-नकळत दुखावलं असेल त्याची क्षमा मागतात. बस्तीतून, म्हणजे आमच्या देवळातून, आल्यावर मी आप्पांच्या पाया पडायला गेले, तर त्यांनीच आधी माझ्यापुढं हात जोडले.

“उत्तम क्षमा, पोरी. तुझं काम मी बिघडवलं.”

“आप्पा, त्या दिवशी मी हसले होते,” मी म्हणाले. “अठराव्या हिश्श्यावर म्हणून. हसायला नको होतं. उत्तम क्षमा.”

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो काढून घेत म्हणाले, “चल माझ्यासंगट.”

आम्ही खड्ड्याशी गेलो. उघडलेल्या बाजूवर मी पुन्हा प्लास्टिक ओढून दगड ठेवले होते. आप्पांनी चपला काढल्या, टोपी सारखी केली आणि हात जोडले. सगळ्या जीवांची क्षमा मागायचं ते नेहमीचं वचन त्यांनी पुटपुटलं, पण त्या दिवशी ते पुटपुटणं फार वेळ चाललं. त्यांच्या पोटऱ्या थरथरत होत्या. दीड महिना एकवेळ जेवणाऱ्या साठी ओलांडलेल्या माणसाच्या पोटऱ्या.

मग डोळे उघडून त्यांनी विचारलं, “ऐकू गेलं असंल का गं त्यांना?”

पुस्तकातलं उत्तर मला ठाऊक होतं. ह्यांना कान नसतात. आणि आप्पांच्या पाईपखाली जे मेले, त्यांच्यानंतर आत हजार पिढ्या होऊन गेल्या असतील. दीड महिन्यापूर्वी असाच त्यांनी एक प्रश्न विचारला होता, ह्याच काठावर, आणि तेव्हा मी खरं तेच सांगितलं होतं.

“गेलं, आप्पा,” मी म्हणाले. “क्षमेला हवा लागत नाही.”

आप्पांनी माझ्याकडं पाहिलं. मान डोलावली. चपला पायात घातल्या आणि गोठ्यात तांबीकडं गेले.

त्या संध्याकाळी, सूर्य मावळायला अर्धा तास असताना, ते स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसले. आत्तींनी भाकरी वाढली. दुसरी वाढली. तिसरी त्यांनी स्वतः मागून घेतली.